झाडं, यंत्रं आणि विसावी विद्यार्थिनी

त्यांना सगळं कॉलेज स्प्रिंगसर म्हणायचं. अर्थात पाठीमागे, समोर नुसतं 'सर'. यंत्रांचे सुटे भाग कसे आखायचे हा त्यांचा विषय. बाकीचे प्राध्यापक स्प्रिंगचा धडा चहा थंड व्हायच्या आत उरकत. सर त्या धड्यात एकदा शिरले की त्यांना बाहेर काढायला परीक्षा जवळ यावी लागे. खिशात कायम एक-दोन स्प्रिंगा, बोलताना त्यातली एक बोटांत. चालही अशी, की जमीन त्यांना दर पावलाला थोडंसं परत पाठवतेय असं वाटावं.

कॉलेजसमोरच्या रस्त्यापलीकडे विज्ञानाची इमारत होती. तिथे वनस्पतिशास्त्र शिकवायच्या त्या बाई. पुढे सरांची बायको झाल्या, तरी सगळ्यांसाठी बाईच राहिल्या, आणि ऐकून ऐकून सरही घरात त्यांना बाईच म्हणायला लागले. "अहो, निदान घरात तरी नावानं हाक मारा," असं त्या लग्नानंतरची काही वर्षं म्हणाल्या. मग त्यांनी नाद सोडला.

ओळख झाली ती एका वेलीमुळे. बाई कुंपणापाशी मुलांना वेल दाखवत होत्या, सर तिथून जात होते. वेल आधाराला धरते तो कुरळा तंतू बाईंनी त्यांच्यापुढे केला.

"स्प्रिंगवाले ना तुम्ही? मग नीट बघा. अर्धा एका बाजूला वळलाय, अर्धा उलट्या बाजूला. दोन्ही टोकं बांधलेली असली की असंच वळावं लागतं, नाहीतर पीळ बसून तुटेल. आहे तुमच्या पुस्तकात?"

पुस्तकात नव्हतं. सर तिथेच उकिडवे बसले आणि त्या दिवशीचा त्यांचा तास बुडाला. वर्गानं न पाहिलेल्या बाईंना मनापासून दुवा दिला.

तेव्हापासून दोघांना एकच वेड. दोघांनी मिळून एक विषय शिकवायचा: झाडं आणि यंत्रं. शेंग तडकून बी लांब कसं फेकते, पाइनचं सुकलेलं शंकूसारखं फळ मोटारीशिवाय कसं उघडतं, वाऱ्यात खोड वाकतं पण मोडत का नाही. पोरांनी आधी हात लावून बघायचं, मग गणित मांडायचं आणि शेवटी स्वतः काहीतरी बनवायचं. इतकी साधी गोष्ट. पण इंजिनीयरिंगवाले म्हणाले, झाडं आमच्या शाखेत बसत नाहीत. विज्ञानवाले म्हणाले, स्प्रिंगा आमच्या शाखेत बसत नाहीत. एका प्राचार्यांनी तर हसत हसत विचारलं, "झाडाला बेअरिंग असतं का हो, बाई?"

"असतं. पण थोडं वाकून बघावं लागतं," बाई म्हणाल्या. प्राचार्यांना पाठीचा त्रास होता, त्यामुळे ते उत्तर त्यांना फारच लागलं.

त्या काळी अभ्यासक्रम म्हणजे रेल्वेचा रूळ होता. तिसऱ्या वर्षाच्या मंगळवारी सकाळी पोरगं काय शिकणार, हे ते पोरगं जन्मायच्या आधी ठरलेलं असे. चार मार्क कमी पडले म्हणून पूल बांधायला निघालेली मुलं, हाडांची आवड असून बॉयलरपुढे उभ्या राहिलेल्या मुली, सगळी निमूट शेवटच्या स्टेशनापर्यंत जायची. सर आणि बाई रोज रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर हे रूळ उखडून नवे टाकत. मीठदाणी म्हणजे गणित, पाण्याचा तांब्या म्हणजे जीवशास्त्र. कोण कुठून कुठे जाऊ शकतं याचे रस्ते चमच्यांनी आखायचे. त्यांची मुलगी शेवटी कंटाळून म्हणायची, "बाबा, ते गणित इकडे द्या, वरणात घालायचंय."

अर्ज होत राहिले, नकार येत राहिले. मुलगी शिकली, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. बाईंच्या पोटात दुखायला लागलं. आणि ज्या उन्हाळ्यात विद्यापीठानं जाहीर केलं, की आता मुलांना शाखेबाहेरचे विषय निवडता येतील, दोन विभागांनी मिळून विषय काढायलाही हरकत नाही, त्याच्या आधीच्या हिवाळ्यात बाई गेल्या.

विद्यापीठाची बातमी ऐकून सर सवयीनं रस्ता ओलांडायला निघाले. फाटकापाशी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

तरी त्यांनी विषय मांडला. बाईंची अर्धी बाजूही तेच शिकवणार होते, आणि हा मोठाच विनोद होता. कारण सरांच्या हाताला झाड लागलं की आठवड्याभरात मान टाकायचं. बाईंनी शिकवण्यासाठी मागे काही लिहून ठेवलेलं नव्हतं. त्या हातात फांदी घ्यायच्या आणि बोलायला लागायच्या. मग सर पहिल्या वर्षाची पुस्तकं आणून वाचू लागले, पाकळ्या मोजताना चुकू लागले आणि आठवलं तसं बाईंचं बोलणं मोठ्यानं म्हणू लागले. शेजारच्यांना वाटलं, बिचारे एकटे बोलतात. तसं ते होतंच; पण त्यातलं अर्धं पाठांतर होतं.

अट एकच: किमान वीस विद्यार्थी. तेवढ्यांनी निवडला नाही तर विषय रद्द. आणि सरांचं निवृत्त व्हायचं वर्ष हेच. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

निवडीच्या आठवड्यात मोठ्या सभागृहात प्रत्येक प्राध्यापकाचं टेबल मांडलं गेलं. आयुष्यभर पोरांना 'बाहेर हो' म्हणणारी माणसं 'या, या' म्हणू लागली. सरांच्या शेजारी काँक्रीट बसायचे. हे स्थापत्याचे प्राध्यापक आणि सरांचे जुने दोस्त. नाव त्यांना विषयावरून पडलं की स्वभावावरून, यावर मुलांत एकमत नव्हतं.

"सर, हा विषय घेतला तर नोकरी लागेल?" एकानं सरांना विचारलं.

"माहीत नाही बुवा," सर म्हणाले.

पोरगं गेलं. काँक्रीटनी कपाळावर हात मारला. "अरे, निदान 'बघू' तरी म्हण! दुकान टाकलंयस आणि गिऱ्हाइकाला सांगतोस, माल कसा आहे माहीत नाही!"

"पण खरंच माहीत नाही."

"खरं बोलायला तू काय कोर्टात उभा आहेस?"

एवढं करूनही हळूहळू एकोणीस जमले. बिया खिशात घालून फिरणारा एक, कृत्रिम हात बनवायचं स्वप्न असलेला एक, दोन-चार नुसतेच कुतूहलानं आलेले. शेवटच्या दिवशी सकाळी विसावं नाव लागलं. सरांनी काँक्रीटना मिठी मारली. काँक्रीट म्हणाले, "सोड, लोक बघतायत," आणि स्वतः मात्र सोडलं नाही.

दुपारी ती विसावी विद्यार्थिनी सरांच्या खोलीत आली. इलेक्ट्रॉनिक्सची, हुशार, हातावर सोल्डरिंगचे बारीक डाग.

"सर, आधी काय वाचून ठेवू?"

"वाचू नकोस. कुठल्यातरी झाडाकडे जाऊन उभी राहा," सर खुशीत म्हणाले. "बाकी काय करतेस? हाताला हे काय झालंय?"

"आजोबांची कानाची मशीन उघडली होती सर. नीट व्हायच्या ऐवजी आणखीच बिघडली." ती हसली. "तशीही ते ड्रॉवरमध्येच टाकतात. म्हणतात, सगळे आवाज एकदम अंगावर येतात."

"म्हणजे त्यांना काय ऐकू येतं?"

"भांडी. मी समोर बसून बोलते ना, तर माझा आवाज नाही येत. आत आई भांडी घासत असते, ती ऐकू येतात." बोलता बोलता तिचे हात टेबलावर मशीन उघडू लागले. "कान आवाज कसे वेगळे करतो, तेच मला कळत नाही सर. ते कळलं ना, तर..."

"मग तुला तो नवीन विषय घ्यायला हवा होता. आवाज आणि कान. संगीतवाले आणि तुमचे इलेक्ट्रॉनिक्सवाले मिळून घेताहेत तो."

हात थांबले.

"घेतला होता सर. सकाळी बदलला."

"का?"

"तुमच्याच वेळेला आहे तो."

"तेच विचारतोय. का बदललास?"

तिनं खाली बघितलं. "होस्टेलमध्ये सगळे बोलत होते. तुमचा एकानं अडलाय म्हणून. आणि बाईंचं... आम्हाला माहितीये सर. मग मी म्हटलं, मी जाते."

सरांनी खिशातली स्प्रिंग बोटांत घेतली. नुसतं गप्प बसलं की काम झालं होतं. पाच वाजता ऑफिसातली नावनोंदणीची खिडकी बंद होणार होती, त्यानंतर कुणाला काही बदलता येणार नव्हतं. मुलगी गुणी होती, तिला हाही विषय आवडलाच असता. शेंग तडकलेली पाहून हिचे डोळे कसे होतील, तेही सरांना दिसलं. आणि बाई दिसल्या, हातात फांदी घेऊन, बोलायला लागायच्या बेतात.

समोर मुलीचे हात टेबलावर तसेच राहिले होते, न दिसणारी मशीन अर्धवट उघडी ठेवून.

"चल," सर उठले.

"कुठे?"

"ऑफिसात. पाच वाजत आलेत."

"नको सर! मग तुमचा विषय..."

"माझं मी बघतो गं. तुझ्या आजोबांचं कोण बघणार?"

खिडकीपलीकडचा कारकून वैतागला. "सकाळी इकडे, संध्याकाळी तिकडे! बाई गं, एकदा काय ते ठरव." सरच म्हणाले, "तिचं ठरलेलं होतं. मधे जरा पत्ता चुकली." बदल झाला. मुलगी डोळे पुसत पायऱ्या उतरून गेली.

काँक्रीटना कळलं तेव्हा ते धावत आले. त्या देहाला ते सोपं नव्हतं.

"अक्कल गहाण टाकलीयस का? अजून पाच मिनिटं आहेत. थांब, माझ्या वर्गातलं एखादं पोरगं धरून आणतो. मार्कांचं नुसतं नाव काढलं की येईल पळत."

"नको."

"अरे, एकच हवंय!"

"धरून आणलेल्या पोरांनाच तर आपण आयुष्यभर शिकवलं रे," सर म्हणाले. "हा विषय तरी तसा नको."

खिडकीची फळी खाली आली. दोघं फाटकापर्यंत बरोबर चालले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काँक्रीटना एकही टोमणा सुचला नाही.

सरांनी घराचं कुलूप उघडलं, दिवा लावला, तेवढ्यात दुसऱ्या शहरातून त्यांच्या मुलीचा फोन आला. आज शेवटचा दिवस आहे, हे तिच्या लक्षात होतं.

"काय मग बाबा? झाले ना वीस?"

"झाले होते."

"होते म्हणजे?"

सरांनी सगळं सांगितलं. आजोबा, भांडी, खिडकी.

"आई असती तर..." शेवटी ती म्हणाली आणि थांबली.

"आई असती तर तिनंच त्या पोरीला माझ्या आधी हाताला धरून नेलं असतं."

"हो. आणि मग घरी येऊन रडली असती."

"हो," सर म्हणाले.

"आणि तुम्ही, बाबा?"

"मी आत्ताच घरी आलोय."