मेथीच्या वासाची माळ

आपा गेल्याचा फोन लोहाऱ्याहून आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "दुपारची नमाज झाली, पाणी मागितलं आणि गेली," त्यांची लेक नसीम म्हणाली. खरं सांगते, आधी रडू आलं नाही. खुर्शीद आपा दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, बोटं आखडून गेली होती. सुटल्या बिचाऱ्या, हेच मनात आलं. ती बोटं स्वस्थ पडलेली मला बघवत नव्हती.

निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. अणदूरची मी लोहाऱ्यात सून म्हणून आले आणि शेजार मिळाला तो आपांचा. त्यांचे मियाँ बांगड्या विकायचे, पण आपांना काचेचा कंटाळा. आपल्या हातानं मणी करायचे, हा एकच ध्यास. काळ्या मातीचे केले, ते भाजताना तडकले. मग कागद भिजवून, कुटून त्यात डिंक आणि मेथीची पूड घातली. मेथीनं कीड लागत नाही म्हणे. तो लगदा उपड्या ताटावर तळहाताखाली गोल फिरवायचा आणि बाभळीच्या काट्यानं भोक पाडायचं. कागदाला तोटा नव्हता. निजामाच्या वेळची उर्दू रद्दी घरोघरी पडलेली, आणि आमच्या घरात ती कुणालाच वाचता येत नव्हती. सासूबाईंनी माळा आवरायला सांगितला, तेव्हा मीही एक गठ्ठा आपांना देऊन टाकला.

त्याची मला पहिली लाल माळ मिळाली. ती घालून खंडोबाच्या जत्रेला गेले, तर घामानं रंग सुटला. माझा लालभडक गळा बघून सासूबाईंना वाटलं, देवी आल्या! भर जत्रेत लिंबाचा पाला गोळा करायला निघाल्या. खरं कळल्यावर हुकूम सुटला, "आता त्या घराची पायरी चढायची न्हाय."

महिन्याभरानं मामंजी म्हणाले, "उद्या कचेरीत कुळाचा कागुद दावायचाय. माळ्यावरच्या गठ्ठ्यात हाय." ते रान आम्हीच कसतो, याचा तेवढाच पुरावा. सहा एकर रान त्या एका कागदावर होतं. तोच गठ्ठा मी आपांना देऊन बसले होते. गठ्ठा गेला कळलं असतं, तर मला अणदूरला पोचवलं असतं आणि परत न्यायला कुणी आलं नसतं. पाण्याचं निमित्त करून घागर घेतली आणि थेट आपांच्या अंगणात शिरले. लगद्याचं घमेलं दिसलं, त्यात कोपरापर्यंत हात घातले... हाती आला नुसता करडा गोळा.

"आगं सुमन, काय हुडकायलीस?" आपा बाहेर आल्या.

मी रडत कसंबसं सांगितलं. त्यांनी माझे हात पदरानं पुसले, ट्रंक उघडली आणि हिरव्या फडक्यातून शिक्क्याचा कागद काढला. मुन्शीची लेक ती! "वाचल्याबिगर म्या कधी कागुद फाडलाय का? महिना झाला, तुझी वाट बघायले."

"मग घरी का नाही आणून दिला?"

"सासूच्या हाती दिला असता तर तुझं नाव निघालं असतं. तू येकटी कवा येतीस, तेवढंच बघत व्हते."

मी रडता रडता हसत सुटले. पोलक्यात दडवून नेलेला कागद माळ्यावरून काढल्यासारखा मामंजींना दिला. रान राहिलं, मीही राहिले.

आपांनी हे पुढं कधी वर काढलं नाही, आम्ही कडकडून भांडलो तेव्हाही नाही. सासूबाई, मामंजी, आमचे हे, सगळे यातलं काही न कळताच गेले. आज सांगून टाकलं, फार हलकं वाटतंय.

पुढं आपांनी मण्यांना लाखेचा हात दिला आणि रंग टिकायला लागला. माझ्या कपाटात मात्र ती पहिलीच माळ आहे. रंग पार उडालाय, पण नाकाशी धरली की अजून मेथीचा वास येतो. आणि वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा मी वाचल्याशिवाय टाकत नाही. नातवंडं हसतात, हसू देत. फोन आला त्या दिवशी मेथीची जुडी ज्या कागदात आली होती, तो डोळे पुसत पुसत शेवटच्या ओळीपर्यंत वाचला... आणि मगच टाकला.