मामांची लाल शाई

माझे मामा देव नव्हते.

जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. सकाळपासून तुमच्यापैकी निम्म्यांच्या स्टेटसला त्यांचा फोटो आहे, डोक्यामागं जांभळं वलय लावलेलं. खाली लिहिलंय, 'महागुरूंचा महाप्रस्थान दिन'.

तो फोटो माझ्या लग्नातला आहे. वलयाच्या जागी मंडपवाल्याचा कूलर होता.

मामांच्या नावानं चालणाऱ्या तुमच्या पंथात नवीन आलेल्यांना सांगतात की हिमालयातल्या गुप्त महात्म्यांनी मामांना निवडलं आणि टेलिपथीनं अख्खा ग्रंथ सांगितला. डॉक्टर, क्लासवाले सर, चांगली शिकली-सवरलेली माणसं त्यावर माना डोलवतात. सात पायऱ्या, सात रंगांची उपरणी, तिसऱ्या पायरीनंतर गुप्त दीक्षा. तीही झूमवर.

अक्कल गहाण ठेवावी, पण किती?

ग्रंथ कुठून आला ते मी सांगते. तो मीच टाईप केलाय.

मामांची एकुलती एक लेक, माझी मामेबहीण सुमन, बारावीत असताना तापानं चार दिवसांत गेली. पुढं मामा एका लग्नाला हैदराबादला गेले आणि येताना फुटपाथवरून एक जाडजूड जुनं इंग्रजी पुस्तक घेऊन आले. थिऑसॉफीचं.

परदेशातल्या काही मंडळींनी सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी आपलेच कर्म आणि पुनर्जन्म उचलले, त्यात तिबेटातले अदृश्य गुरू आणि माणसाची सात शरीरं कालवली, असा सगळा तो मामला. पण मेल्यावर माणूस कुठं जातो, यावर त्यात एक मोठा चॅप्टर होता.

मामांना खरं तर तेवढाच वाचायचा होता.

मुखेडच्या घरात डिक्शनरी घेऊन ते रोज एक पान मराठीत उतरवायचे. निळ्या शाईनं. आणि मास्तर तो मास्तर, दुसऱ्या दिवशी तीच वही लाल पेनानं तपासायचे.

निळ्यात: 'महात्मे तिबेटात गुप्तपणे राहतात.'
लाल: 'कोणी पाहिले? पुरावा?'

निळ्यात: 'मनुष्यास सात शरीरे असतात.'
लाल: 'एक सांभाळतानाच नाकी नऊ येतात.'

आठवडी बाजारादिवशी चार माणसं ओट्यावर जमायची. मामी चुरमुरे भिजवून फोडणीचा सुशीला करायची. मामा आधी निळं वाचायचे, मग लाल वाचायचे, मग भांडणं व्हायची आणि चहा व्हायचा.

एवढाच होता तुमचा पंथ.

त्या चौघांत लातूरचे एक रिटायर्ड इंजिनिअर साहेब यायला लागले. आज ते 'गुरुवर्य' आहेत. त्यांना माणसं जमवायची भारी हौस. पुस्तिका काढू म्हणाले. लातूरला माझं डीटीपी सेंटर होतं, म्हणून वही माझ्याकडं आली. मामांनी फोनवर सांगितलं होतं, "निळं-लाल दोन्ही घे, माय."

साहेब मात्र माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले.

"ताई, ते लाल लाल काही घेऊ नका. लोकांचा गोंधळ होतो."

मी नाही घेतलं. काम कमी झालं म्हणून खूशच झाले होते.

तर मंडळी, तुमचा ग्रंथ असा अवतरला. त्यांची लबाडी आणि माझा आळस.

पुस्तिका द्यायला आणि वही परत करायला मी स्वतः मुखेडला गेले. मामांनी चष्मा लावून पहिलं पान बघितलं. शेवटचं बघितलं. मग मधली चार-पाच उलटली.

"लाल कुठं हाय, माय?"

"साहेब नको म्हणाले, मामा."

"आन् तू?"

मी पिशवीतून उरलेल्या पुस्तिका काढून मोजायला लागले.

ते रागावले नाहीत. पुस्तिका मिटून कोनाड्यात ठेवली आणि म्हणाले, "जेवून जा."

त्यानंतर ओट्यावरची बैठक त्यांनी बंद केली. पाया पडायला लातूरहून गाड्या करून माणसं यायची. मामा मागच्या दारानं शेताकडं निघून जायचे आणि मामी दारात उभी राहून सांगायची, "तुमचा देव भाजी आणाया गेलाय."

आज सकाळी गुरुवर्यांचा फोन आला. मामांच्या स्मारकाच्या पायाभरणीत मूळ वही ठेवायची आहे म्हणे, वरून काँक्रीट ओतणार आहेत.

"वही पवित्र आहे ताई."

पवित्र वस्तू काँक्रीटखाली गाडायचं इंजिनिअरलाच सुचू शकतं. लाल अक्षर त्या एकाच वहीत उरलंय, दुसरीकडं कुठं नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

वही मामीकडं. मी तिला विचारायला मुखेडला आले, तर ती गहू निवडत बसली होती.

"त्यातलं लाल वाचतेत का ते लोकं?"

"नाही, मामी."

"मंग कशाला द्यायची?"

तिनं ट्रंकेतून वही काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"तूच सोडलंस न्हवं? तूच लिव आता."

म्हणून ही पोस्ट. वहीच्या एकूण एक पानाचे फोटो खाली कॉमेंटमध्ये टाकतेय. ज्यांना मला ब्लॉक करायचंय त्यांनी खुशाल करा, पण आधी वाचा.

इथं फक्त एक जागा लिहिते. मेल्यानंतरचा तो चॅप्टर संपतो ती. तुमच्या पुस्तिकेत हे वाक्य सोनेरी चौकटीत आहे. चौकट मीच टाकली होती.

निळ्यात: 'मृत व्यक्ती दूर जात नाहीत. त्या आपल्या अगदी जवळच असतात.'

लाल: 'सुमे, मग हाक मार की. मी दार लावलेलं नाही.'

मामा, जे तुमचं स्वतःचं होतं, नेमकं तेवढंच मी गाळलं होतं.

आज सगळं घेतलंय. उशीर झाला, माफ करा.

रामराम.