वकीलसाहेबांना मी ओवाळलं नाही

भाऊसाहेबांनी माईकवरून सगळ्यांसमोर मला पुढं बोलावलं. "ह्या मावशीची माझ्याशी केस चालू हाय. आता ती ह्या साहेबांच्याच कोर्टात. मावशी, नीट ओवाळा बरं का, न्हायतर निकाल उलटा लागंल." सगळा मांडव हसला. मीही हसले. त्याची लाज अजून जात नाही.

भाऊसाहेब आमच्या भागातले पुढारी. येरमाळ्याच्या रस्त्याला लागून माझं वीस गुंठे रान आहे, आईकडून आलेलं. त्यावर त्यांनी आपल्या कॉलेजचं कुंपण घातलं. धाराशिवच्या कोर्टात मी जिंकले. ते संभाजीनगरला हायकोर्टात गेले. आणि त्या दिवशी ज्यांचा सत्कार होता ते वकीलसाहेब त्यांच्याच पक्षाचे. टीव्हीवर पक्षाची बाजू मांडायचे. निवडणुकीत भाऊसाहेबांसाठी गावोगाव बोलले. त्यांची हायकोर्टात जज म्हणून नेमणूक झाली होती. शपथ तेवढी बाकी होती.

कुठलाही पुढारी आला की आम्हा बचत गटाच्या बायांना ओवाळायला बोलावतात. एकसारख्या साड्या, हातात ताट. आपण कुणाला ओवाळतोय, हे मी कधी विचारलं नव्हतं. चार माणसांत मला बोलता येत नाही. चौथीत शाळा सुटली, तेव्हापासून मान खालीच.

मी साहेबांकडं पाहिलं. वाटलं, आता ते म्हणतील, असं बोलू नका. तेवढं म्हणाले असते तर मी ओवाळलं असतं. ते हसले आणि कुंकवासाठी कपाळ पुढं केलं.

माझा हात हलेना. शेजारच्या सुमननं कोपरानं ढोसलं. "अगं, दिवा विझंल. उरक की."

मी ताट खाली ठेवलं. "माझा दावा चालू हाय. म्या ओवाळणार न्हाय."

आवाज बारीकच निघाला. पण माईक जवळ होता.

"लई शिकली की बाई," भाऊसाहेब म्हणाले. या वेळी ते एकटेच हसले.

घरी मालक म्हणाले, "जजशी वाकडं घेऊन आपुन कुठं जायचं?" गटातल्या बायांनी बोलणं सोडलं. माझ्या वकिलांना फोन केला. ते म्हणाले, "ते साहेब आपल्या केसला नकोत, असा अर्ज देता येतो. पण राग धरतील. जरा दमानं घ्या."

दमानं घेणार नाही. ही नेमणूक कुणी केली, कशी केली, ते मला कळत नाही. ती मोडणं माझ्या हातात नाही. पण माझा दावा त्यांच्यासमोर निघाला, तर मी उठून उभी राहणार. वकील गप्प बसले तरी तोंडावर सांगणार: तुम्ही त्यांच्या बाजूला बसून हसला होता. माझा न्याय तुम्ही करायचा नाही.