जेवणाआधीचा मोबाईल

आज दुपारी शमुवेल सर अचानक ऑफिसात आले. लहानपणी इगतपुरीच्या चर्चमध्ये त्यांनीच आम्हाला संडे स्कूल शिकवलं. जेवणाआधी डोळे मिटून देवाचे आभार मानायचे, ही सवय त्यांचीच.

नाशिकला नोकरी लागल्यापासून मी ती प्रार्थना मोबाईलमध्ये डोकं घालून करते. बघणाऱ्याला वाटतं, मेसेज वाचतेय. उगाच कोणी काही विचारायला नको.

सरांना आम्हा ऑफिसातल्या मैत्रिणींसोबतच जेवायला बसवलं. डबे उघडले, तसं सरांनी माझ्या एका मैत्रिणीला कौतुकाने विचारलं, "हिच्या प्रार्थनेमुळे तुम्हाला रोज थांबावं लागत असेल, नाही?"

"प्रार्थना? नाही हो काका, ही तर आधी मोबाईल बघत बसते!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सरांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. मग खिशातून आपला बटणांचा फोन काढला, तोंडासमोर धरला आणि मान खाली घातली. स्क्रीनवर काहीच नव्हतं. ओठ तेवढे हलत होते.

रागावले असते तर परवडलं असतं. या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा लपून प्रार्थना केली असेल, तीही माझी लाज राखायला.

उद्या तोच डबा, त्याच मैत्रिणी. नुसते डोळे मिटायला एवढी कसली भीती वाटते हो आपल्याला?