भेटायला येणाऱ्यांचा चहा

हिंगोली जिल्ह्यात कुणाला शिंक आली, तर तिचा खर्च शिंकणाऱ्याच्या आधी आमच्या दाजींना कळतो, असं माझं ठाम मत आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आजारपणाचा खर्च घराघरांत कसा भागवला जातो, याचा एक सरकारी अभ्यास चालू आहे. त्याच्या पाहणीचं आमच्याकडचं काम दाजी बघतात. बघतात कसले, जगतात. शिरड शहापूरला एका लग्नात पंगतीत बसल्या बसल्या त्यांनी नवरदेवाच्या मामांना विचारलं, "हर्निया कुठं दाखवला? जीप कोणाची केली?" मामांनी बुंदी बाजूला सारून सगळी हकिगत सांगितली, शेजारच्या दोघांनी आपापले मुतखडे काढले, आणि वाढपी भाताचं पातेलं घेऊन तिथंच ऐकत उभे राहिले. ताई लाजून अर्धी झाली. दाजी मात्र आणखी मठ्ठा मागत होते.

त्यांची कामाची रीतही तशीच. कुणाच्या घरी गेले की आधी म्हशीच्या तब्येतीची चौकशी. का, तर म्हशीच्या औषधाचं माणूस खरं बोलतं, बायकोच्या औषधाचं लपवतं. म्हशीवरून बैलावर, बैलावरून म्हाताऱ्यावर, असं करत चहा संपेपर्यंत सुनेचा अशक्तपणाही बाहेर येतो. जवळा बाजारला शिंपीकाम करणाऱ्या एका चाचांकडं म्हैस नव्हती, म्हणून दाजींनी शेळीपासून सुरुवात केली. "आपरेशन तो फुकट हुआ साब," चाचा शेवटी म्हणाले, "देखने कू आए सो लोगां के चाय-नाश्ते में मशीन बिक गई."

आमच्याकडं माणूस दवाखान्यात पडला की सगळं गणगोत जीप भरून भेटायला येतं, आणि त्यांना रिकाम्या तोंडी परत धाडणं कुणालाच जमत नाही. दाजींनी हट्टच धरला, की हा खर्चही आजारपणातच धरा. पुण्याच्या कार्यालयाला त्यांनी इतके फोन केले की तिथला शिपाईही त्यांना दाजी म्हणू लागला. अखेर पाहणीत तो प्रश्न आला. उत्तरंही आली. आणि ती वाचून वरच्यांनी अहवालाच्या मसुद्यात लिहिलं, की रुग्णामागे एकालाच पास द्यावा, बाकीच्यांना दारातून परत पाठवावं.

दाजींची अन्नावरची वासनाच उडाली. "पाव्हणं," ते मला म्हणाले, "मी खर्च धरा म्हणलो होतो, माणसं कमी करा न्हाई म्हणलो. माझ्याच प्रश्नानं लोकायची दारं बंद करून राहिले हे."

अभ्यासाच्या प्रमुख मॅडम पडताळणीसाठी आखाडा बाळापूरला आल्या, तेव्हा दाजी भांडायच्या तयारीनंच गेले. पण भांडण राहिलं बाजूला. उन्हानं मॅडमना उलट्या सुरू झाल्या आणि तिथल्याच सरकारी दवाखान्यात सलाइन लावावं लागलं. बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? दाजी ज्या ज्या घरी बसले होते, तिथली माणसं दुपारपासून यायला लागली. कुणी शहाळं आणलं, कुणी मऊ भात. चाचा जवळा बाजारहून एसटीनं आले. "दार लावून घ्या हो," मॅडम नर्सला म्हणाल्या. नर्स दारापर्यंत पोचायच्या आत एक आजी मॅडमच्या पायाशी येऊन बसली होती.

"तुमचं कोणी न्हाई का इथं? काहून एकट्या पडल्या मग? आमी हाव ना," म्हणत तिनं त्यांचे तळपाय चोळायला घेतले. मॅडम काहीतरी बोलणार होत्या, पण त्यांचा डोळाच लागला. बाहेर दाजी यजमानाच्या थाटात सगळ्यांना चहा पाजत होते. खिसा रिकामा झाला तेव्हा त्यांनी फोन करून मला बोलावून घेतलं. इतका आनंदी माणूस मी दवाखान्यात दुसरा पाहिलेला नाही.

सकाळी त्यांनी मॅडमपुढं आपला चहाचा खर्च नोंदवून घ्यायचा आग्रह धरला. "तुमचं घर आमच्या पाहणीत नाही," मॅडम हसून म्हणाल्या. पण पासची शिफारस त्यांनी काढून टाकली आणि तिच्या जागी, दवाखान्यालगत भेटायला येणाऱ्यांसाठी राहायला खोली, शेगडी आणि पाणी असावं, असं लिहिलं. ते मंजूर झालं. बाळापूरच्या दवाखान्यालगतची खोली उघडली त्या दिवशी दाजी ठेवणीतला सफारी घालून आले आणि सरपंचांनी हात पुढं करायच्या आत नारळ फोडून मोकळे झाले. "बराबर झालं का न्हाई?" असं येईल त्याला विचारत होते. बराबरच झालं होतं. जिंकले होते आमचे दाजी, आणि मला त्यांचा भारी अभिमान वाटला.

गर्दी पांगल्यावर ते खोलीत भिंतीला टेकून बसले. शेगडीवर कुणाचा तरी चहा उकळत होता. एवढा हट्ट कशासाठी केलात, म्हणून मी सहज विचारलं.

"माझी माय नांदेडला दवाखान्यात होती," दाजी म्हणाले. "तिच्या बहिणी यायला निघाल्या होत्या. पण उतरायला जागा न्हाई, म्हणून मीच नका येऊ म्हणलो त्यायला. माय दाराकडं बघून राहायची. कोण आलं रे, म्हणायची. मी म्हणायचो, गाडी चुकली असंल, उद्या येतील."

चहा उतू येत होता, त्यांनी उठून शेगडी बारीक केली.

"शेवटपर्यंत तिला वाटलं, गाडीच चुकली."