मधली वाडी कशाच्या मध्ये?

जांबे गावातल्या माझ्या खोलीवरून स्कूटर काढली तेव्हा डिकीत पाण्याची बाटली, टोपी आणि एक तक्रार होती. तक्रार माझ्याच कामाबद्दल. हिंजवडीच्या एका कंपनीत मी फोनवरच्या नकाशांत गावांची नावं भरते. मुळशी धरणाकाठच्या एका वस्तीने लिहिलं होतं, 'आमच्या मधल्या वाडीचं नाव तुम्ही खालची वाडी केलंत. आमचं नाव परत द्या.'

बदल मीच केला होता. डोंगरात वरची वाडी, तिच्याखाली मधली आणि मग थेट निळं पाणी. दोनच वाड्या असताना मधली कशी? म्हणून मी मोठ्या हुशारीने चूक सुधारली. तो बदल काही फोनवर पोचलाही होता; सोमवारी नवा नकाशा सगळ्यांच्या फोनवर जाणार होता. साहेब म्हणाले, "त्याआधी स्वतः बघून ये."

माण, घोटवडे फाटा, पौड मागे पडलं आणि पिवळी भातखाचरं सुरू झाली. मी वाशीमची. एवढं पाणी एका जागी बघायची मला सवय नाही, त्यामुळे धरण दिसताच मी थांबून उगाचच हसत उभी राहिले. हसू फार टिकलं नाही. नकाशाने मला भलत्याच रिसॉर्टच्या फाटकाशी नेलं.

"रोज कुनीतरी चुकतंच हितं," रखवालदार म्हणाला. नकाशा आमच्याच कंपनीचा आहे, हे मी त्याला सांगितलं नाही.

विचारत विचारत वाडीत पोचले. तक्रार लिहवून घेणाऱ्या हिराबाई अंगणात भात वाळवत होत्या. त्यांचा मुलगा दुबईला असतो. फोनवर घर शोधताना नाव बदललेलं त्यालाच आधी दिसलं होतं.

"नाव बदलनारी बाई कोन, ती बगायचीय मला," त्या म्हणाल्या.

"मीच ती, मावशी."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आदी जेव. भांडू मंग."

तांदळाची भाकरी, चिलापीचं (धरणातल्या माशाचं) कालवण आणि वाफाळता आंबेमोहोर. इतकं जेवल्यावर भांडणार तरी कशी?

"एक सांग," त्या म्हणाल्या. "पोराच्या कागदावर लिवलंय, दुबई मध्यपूर्वेत हाय. पन इमान तर मावळतीला गेलं. मंग ही पूर्व कुटली?"

मी रोज नकाशावर ते नाव बघते, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी आठवून सांगितलं, "युरोपातल्या लोकांनी आपल्या घरून पूर्वेकडे पाहिलं. मधलं ते मध्यपूर्व, चीन-जपानकडचं ते अतिपूर्व. तिथल्यांना कोणी विचारलं नाही. तुमच्या मावळाचंही तसंच सांगतात. देशावरून पाहिलं की सूर्य मावळतो तिकडचा मुलूख."

"म्हंजी नाव ठेवनारा कुटं बसलाय, ते बगायचं. तू कुटं बसली व्हतीस?"

"हिंजवडीत. सहाव्या मजल्यावर."

"तितनं खालची वाडी दिसायची न्हाई. चल."

त्या मला पाण्याच्या काठाशी घेऊन गेल्या आणि सरळ पाण्याकडे बोट केलं. "ती तितं हाय. धरन झालं तवा बुडाली. मालकांचं आजोबा तितनंच वर आलं. उन्हाळ्यात पानी उतरलं की देवळाचं जोतं (चौथरा) उघडं पडतं. मंग सगळी वाडी नारळ घिऊन खालच्या वाडीला जाते. तू आमालाच खालची केलीस. आता आमी जायाचं कुटं?"

मला खरंच लाज वाटली. एका बोटाच्या टिचकीने मी एक गाव दुसऱ्यांदा बुडवलं होतं. "नाव परत येईल," मी म्हणाले. अंगणात परतल्यावर त्यांनी माझ्या डिकीत आंबेमोहोराची पिशवी कोंबली.

जांब्याला परतल्यावर मी आधी मधली वाडी जागेवर आणली. मग निळ्या रंगावर बारीक अक्षरांत लिहिलं : खालची वाडी, पाण्याखाली. साहेब जरा घुटमळले, पण त्यांनीही ते राहू दिलं. जगाच्या नकाशावरचं मध्यपूर्व मला हलवता येणार नाही. ते नाव ठेवणारा कुठे बसला होता, एवढं मात्र आता दर वेळी आठवतं.

सोमवारी दुबईहून हिराबाईंच्या मुलाचा निरोप आला. "घर दिसलं, ताई. पणजोबांचंही."