अक्काची शुगर नॉर्मल होती

फोन आला तेव्हा मी सांगलीतल्या माझ्या लॅबमध्ये एका म्हाताऱ्याच्या दंडाला पट्टा बांधत होतो. कवठे महांकाळहून भाची शुभांगी एवढंच म्हणाली, "मामा, आई गेली." मी पट्टा सोडला, पुन्हा बांधला, रक्त घेतलं, कापूस दाबून धरायला सांगितलं… आणि मग मला रडू फुटलं. आता महिना होऊन गेला. गर्भाशयाच्या कॅन्सरनं अक्काला नेलं.

अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आईमागं तिनंच मला वाढवलं, म्हणून पन्नाशीतही मी तिचा बाळ्याच. आमची भाऊबीज जगावेगळी. ओवाळेपर्यंत ती तोंडात काही घालायची नाही, म्हणजे उपाशीपोटीची तपासणी आयतीच! मी शुगरचं मशीन खिशात घालूनच जायचो. निरांजन लावायच्या आधी तिचं बोट टोचायचं. ब्याण्णव, कधी शहाण्णव. "नॉर्मल हाय अक्का, हाण करंज्या!" मी म्हणायचो. ती दाजींना ठसक्यात ऐकवायची, "बघा, आमच्या बाळ्याचा रिपोर्ट हाय." तिचं पोट सुटलं होतं, मान काळी, जाडसर झाली होती. "लिंबू घास की जरा," म्हणून मी तिला चिडवायचो. लॅबवाला ना मी, मोठा शहाणा!

पाळी जाऊन सहा-सात वर्षं झाल्यावर तिला पुन्हा अंगावरून रक्त जायला लागलं. वर्षभर तिनं कुणाला कळू दिलं नाही. कळलं तेव्हा मी तिच्यावर ओरडलो. "आरं, भावाला काय सांगायचं आसतंय व्हय ह्ये?" एवढं बोलून ती भिंतीकडं तोंड करून बसली.

मिरजेतल्या डॉक्टरबाईंची नजर आधी तिच्या मानेवर गेली. त्यांनी समजावलं, शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की मान अशी काळवंडते, तरुणपणी काहींची पाळीही लांबते, आणि स्वादुपिंड इन्सुलिन आणखी ओततं. त्या जोरावर साखर कितीतरी वर्षं नॉर्मल दिसते, पण रक्तात इन्सुलिन वाढलेलंच राहतं, आणि ते पेशींना वाढायला सांगत असतं. "त्यानंच कॅन्सर झाला असं एकट्या यांच्याबद्दल सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या, "पण धोका वाढतो. गर्भाशयाचा तर जास्तच." दाजी उसाचे शेतकरी. ते हळूच म्हणाले, "म्हंजी उसाचं खत तणानं खाल्लं." एवढी वर्षं मी तिची साखरच मोजत राहिलो होतो.

परवा शुभांगी लॅबवर आली. अक्काला उशिरा झालेली, बाविशीची पोर, आईसारखीच अंगानं भरलेली. इकडचं तिकडचं बोलली, चहा घेतला, निघाली आणि दारातून परत फिरली.

"मामा, माझी पाळी चार-चार महिनं येत न्हाई. आईला सांगितलं तर म्हणायची, लगीन झाल्यावर हुईल नीट."

ती थांबली नाही. सगळं सांगितलं. अक्कानं स्वतःबद्दल असं एक वाक्य जरी मला वेळेत सांगितलं असतं…

मी डॉक्टरबाईंना फोन लावला आणि लॅबचं शटर ओढलं. "चल पोरी," मी म्हणालो, "आत्ताच जाऊ."